पेनड्राइव्हमधले अण्णा

अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्यावर ओरडले. कारण एवढंच, की पेनड्राइव्ह उघडत नव्हता.

अण्णा म्हणजे माझे वडील. पैठणला कालव्याच्या दारांवर त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि उन्हाळ्यात पाणी सोडावं तसे मोजून शब्द सोडले. ते जायच्या सहा महिने आधी मी त्यांना समोर बसवून त्यांच्या आठवणी लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. त्यानंतर मला लिनक्सचं वेड लागलं. (लिनक्स म्हणजे लॅपटॉप चालवायची एक फुकट पद्धत. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. फुकट आणि अवघड असं काही दिसलं की मला राहवत नाही!) ते टाकताना जुनं सगळं पुसलं जाणार होतं, म्हणून अण्णांचं रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हवर काढून ठेवलं. तेवढी एकच प्रत. ती ऐकायचं धाडस मला वर्षभर झालं नव्हतं.

श्राद्धाची जेवणं उरकली. हर्सूलच्या आमच्या घरात आई, पैठणहून आलेली आत्या आणि मी, अशा तिघीच उरलो. आत्याची पाचची एसटी होती.

"दादाचा आवाज ऐकव, मग जाते," ती म्हणाली.

मी पेनड्राइव्ह लावला. काही नाही. दुसऱ्या खाचेत लावला. काही नाही. उलटा करून लावला. (तो उलटा लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी.) मग माउस जोडून बघितला.

"हाही मेला!" मी म्हणाले. त्या दिवशी, त्या घरात, मोठ्यानं.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"ओळखत नाहीये."

"ह्यांना?"

"पेनड्राइव्हला!"

मी लॅपटॉपला हुकूम टाइप करून द्यायची काळी खिडकी उघडून जोडलेल्या वस्तूंची यादी काढली. यादीत पेनड्राइव्ह होता. "नाव आहे, पण उघडत नाही," मी जाहीर केलं.

"राशनच्या यादीसारखंच की," आत्या म्हणाली.

आईनं पेनड्राइव्ह पदरानं पुसला, फुंकर मारली, अण्णांच्या फोटोला लावून परत दिला. तरी नाही. मग इंटरनेटवर कुणीतरी दिलेल्या चार ओळी मी त्याच खिडकीत जशाच्या तशा उतरवल्या. त्यानं वाय-फायसुद्धा गेलं! आता उपाय शोधायची सोयही उरली नाही.

"बंद करून चालू कर की," आत्या म्हणाली. "आमचा टीव्ही तसाच येतो."

"आत्या, लिनक्स बंद करावं लागत नाही! चाळीस दिवस झाले, हा लॅपटॉप बंद नाही केला!"

आत्यानं लॅपटॉपकडं पाहिलं. "मग लई थकलं असंल बिचारं."

साडेचार वाजले. ती पिशवी घेऊन उठली आणि तिचा पाय चार्जरच्या वायरीत अडकला. बॅटरी कधीचीच निकामी होती, लॅपटॉप घरच्या इन्व्हर्टरच्या जोरावर त्या वायरीवरच चालत होता. पडदा काळा झाला.

"आत्या! काय केलंस हे!"

आत्यानं पिशवी खाली ठेवली. "मला दिसलं नाय गं," ती म्हणाली. आईनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. ती एकुलती प्रतही गेली, अण्णांना मी दुसऱ्यांदा घालवलं, असं मला वाटलं.

मी वायर लावली, लॅपटॉप चालू केला. आणि पेनड्राइव्ह आपोआप उघडला! माउस पळायला लागला! तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशी मी लिनक्स अपडेट केलं होतं. पेनड्राइव्ह, माउस ओळखणारे जुने भाग त्यात पुसले गेले होते आणि नवे भाग बंद करून चालू केल्याशिवाय लागत नव्हते. थोडक्यात, आत्या बरोबर होती. मी वाकून तिचे पाय धरले. तिला वाटलं, मी वायर सोडवतेय. तिनं पाय उचलून घेतला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. अकरा मिनिटं.

"अण्णा, इथं बोला. नाही, इकडं तोंड करा. त्या पुराच्या वर्षी तुम्ही रात्रभर दारावर होता ना? मीच सांगते. तर काय झालं..."

तो माझा आवाज होता. तो थांबेचना. अण्णांच्या आठवणी मीच अण्णांना सांगत होते, आणि मधे कुठंतरी लांबून ऐकू यायचं, "व्हय." अकरा मिनिटांत नऊ 'व्हय' आणि एक खोकला.

"खोकला अगदी दादाचाच," आत्या म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. एसटी निघून गेली. ती मुक्कामी राहिली.

संध्याकाळी मला फार लाज वाटली. मी माझी बडबड कापून टाकली, नऊ 'व्हय' आणि खोकला एकापुढं एक लावला आणि आईला ऐकवलं. तिनं कान देऊन ऐकलं.

"हे कुणाला व्हय म्हणायलेत?"

"मला."

"मग तू कुठं गेलीस? तुझं बोलणं परत घाल. असं एकटेच बसल्यासारखे वाटायलेत."

मी परत घातलं. जन्मात माझी बडबड कुणी मागून घेतली ती एवढी एकदाच. आणि तीसुद्धा सोबत अण्णांचा खोकला मिळतो म्हणून!