सातवा डबा

तुमच्या खिडकीशी ठेवलेल्या पामच्या पानांवर पांढरे पट्टे आहेत, आणि असा पट्ट्यांचा पाम हिरव्यापेक्षा महाग मिळतो, असं तुमची आई परवा फोनवर म्हणाली. त्यावर मी काही बोलले नाही, तेव्हा तुम्हा सगळ्यांना वाटलं लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती. मला केडगावचं अंगण आठवलं होतं.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की केडगाव, तेव्हा ते खेडंच होतं. तिथे आम्ही भाड्याने राहत होतो. तुमचे आजोबा शेतीखात्यात, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात सासूबाई, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे नणंद, आजोबांची धाकटी बहीण. मी तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची. ती मला वहिनी म्हणायची, पण अगं-तुगं करायची. सासूबाईंना ते खपत नसे. मला मात्र त्या घरात दुसरं कुणीच 'तू' असं मैत्रिणीसारखं म्हणत नव्हतं.

ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती आणि एका जुन्या बंगल्याच्या आवारात खजुराचं एकटं झाड. वन्संचं म्हणणं असं, की खजुराला जवळ नर झाड नसताना फळ धरतं, म्हणजे पराग ओढ्याकडूनच येत असणार, आणि त्या बियांतून निघेल ते दोघांचं मिश्रण असेल. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण हे मला सुचलं नसतं. तिने पदर भरून बिया आणल्या. डालड्याच्या अकरा रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून आम्ही त्या लावल्या. मी प्रत्येक डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घातला आणि वहीत नोंद ठेवली. वन्सं म्हणाली, "वहिनी, आता रोज सकाळी यांची हजेरीही घे."

चार महिन्यांनी अकराही डबे उगवले. दूध घालायला येणारी बाई पाटी उतरवून बघत बसली.

"ही शिंदीच हाय न्हवं? डब्यात कशापायी?"

"हायब्रीड आहे," वन्सं म्हणाली.

"आगं बया! जवारी हायब्रेट, शिंदी बी हायब्रेट. आता तेवढी सासू हायब्रेट आना म्हंजी झालं."

सासूबाई ओसरीवरच होत्या. आम्ही दोघी घरात पळालो आणि तोंडात पदर कोंबून हसलो.

दहा रोपं हिरवीगार निघाली. सातव्याच्या पानावर देठापासून टोकापर्यंत सायीच्या रंगाचे पट्टे होते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "याला कोड आलंय. उपटून टाका."

 वन्संच्या डाव्या कोपरावर दोन वर्षांपासून रुपयाएवढा पांढरा डाग होता, आणि आता मनगटाजवळ दुसरा उमटत होता. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. सासूबाईंच्या तोंडून तो झाडाच्या निमित्ताने निघून गेला होता.

वन्संच हसली. "म्हणून तर त्याचं एवढं कोडकौतुक करायचं," ती म्हणाली आणि सातव्याला भांड्याने पाणी घातलं.

कौतुक ती खरोखरच करायची. पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही, तो करपतो, हे आधी तिच्याच लक्षात आलं. तिने गोणपाटाची सावली केली. हिरव्यांना तीन पानं येईतो सातव्याला एक यायचं. पुढे दुष्काळात टँकरची वाट पाहायची वेळ आली, तेव्हा सगळ्या डब्यांना तांदूळ धुतल्याचं पाणी मिळायचं. सातव्याला ती स्वतःच्या आंघोळीच्या बादलीतलं दोन तांबे पाणी ठेवायची.

त्याच वर्षी तिला एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं चांगली. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "लग्न होऊन जाऊ दे. मग सांगता येईल." मला ते पटलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एकदा ती त्यांना आवडली की डागाचं कोण मनावर घेणार, असा माझा हिशेब होता. मी तिला मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. "सध्या फॅशन आहे," म्हटलं. ते घालताना ती आरशात स्वतःकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "तो डबा मागे ने." मी सातवा डबा उचलून न्हाणीघरामागे ठेवला. रांगेत खिंडार दिसू नये म्हणून बाकीचे डबे सरकवून नीट लावले. आकड्यांचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

पोहे झाले. मुलाचे मामा चूळ भरायला अंगणात गेले आणि रांगेपाशी थांबले. तेही मास्तरच होते.

"सहाच्या पुढे एकदम आठ? सातवा गैरहजर का?"

"वाळला तो," सासूबाई घाईने म्हणाल्या. "पाणी कुठंय यंदा!"

वन्सं चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ट्रे मामांच्या पुढच्या स्टुलावर ठेवला.

"वाळला नाही, मामा. न्हाणीघरामागे आहे. त्याला कोड आहे ना, म्हणून." मग तिने डावी बाही कोपरापर्यंत वर सारली. "हे असं."

माणसं खरंच चांगली होती. त्यांनी चहा पूर्ण घेतला, दुष्काळाचं बोलले, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

त्या संध्याकाळी वन्संनी डबा पुन्हा रांगेत आणून ठेवला. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"आईचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "ती भित्रीच आहे. बाह्या तू शिवल्यास."

 

दोन महिन्यांत तिने पुणतांब्याच्या शाळेत नोकरी धरली. जाताना अकरांतला एकच डबा नेला, सातवा, नगर स्टेशनपर्यंत टांग्यात मांडीवर धरून. मी पत्रं लिहीत राहिले. दहा हिरव्यांपैकी कोणाला किती पानं आली, ते आकड्यांनिशी. तिची उत्तरं यायची, नीटनेटकी, माझ्या पत्राएवढीच लांब. त्यांत 'तू' नव्हतं, 'तुम्ही'ही नव्हतं. वाक्यं अशी जुळवलेली असत की कशाचीच गरज पडू नये. मी प्रत्येक पत्र त्यासाठी दोनदा वाचायची.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटी पुणतांब्याला गेले. तिच्या खोलीच्या दाराशी, सावलीत, सातवा आता जमिनीत लावलेला होता. सहा पानं, सगळी पट्ट्यांची. तिच्या दोन्ही हातांवर डाग पसरले होते आणि पोलकं आखूड बाह्यांचं होतं. फार छान दिसत होती.

"या वहिनी," ती म्हणाली. "बसा."

मी बसले. जेवणानंतर धीर करून म्हटलं, "वन्सं, ते पोलकं... माझं चुकलं."

"अहो, किती जुनं ते! मी विसरलेसुद्धा." आणि तिने आग्रहाने मला आणखी भात वाढला.

तुम्ही तिकडे लहानमोठ्या सगळ्यांना एकच 'यू' म्हणता, म्हणून तुम्हाला सांगायला हवं. आपल्यात 'अहो' हा मान असतो. घरातलं माणूस तो अचानक द्यायला लागलं, की आपण त्या घरातून बाहेर आलो असं समजायचं.

ती स्टेशनवर पोचवायला आली. गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसून पानांबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो. मी सारखी तिच्या क्रियापदांकडे कान लावून होते. एकदा तरी चुकून निसटेल, असं वाटत होतं. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. तिने गजांवर हात ठेवला आणि म्हणाली,

"सांभाळून जा."

'ये' आणि 'या' वेगळे असतात, 'बस' आणि 'बसा' वेगळे असतात. 'जा' मात्र दोन्हींना एकच. तिने कोणता म्हटला, ते मी नगर येईपर्यंत स्वतःला विचारत होते.