चंद्रीची बाजरी

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात जनावराला काय घालायचं, हे श्रीमंतला विचारूनच ठरायचं. बाजरी उष्ण, ज्वारी थंड, उन्हाळ्यात सरकी कमी करा. बोलायचा असा, जणू जनावराच्या पोटात जाऊन आलाय! पण बरेचदा बरोबर निघायचं, म्हणून आम्हीही माना डोलवायचो.

दिवाळीनंतर छबूबाई ऊसतोडीला निघाली, तेव्हा तिची गाय त्याच्याच दावणीला बांधून गेली. आठवड्याला फोन करायची. "श्रीमंतभाऊ, फोन तिच्या कानाला लावा." मग "चंद्रेऽ" अशी हाक मारायची आणि गाय हंबरायची. आम्ही हसायचो.

पौषात थंडीनं कहर केला. ऊब यावी म्हणून श्रीमंतनं चंद्रीचा कडबा कमी केला आणि सकाळ-संध्याकाळ घमेलं भरून शिजवलेली बाजरी चारली. तिसऱ्या दिवशी गाय पोट फुगून खाली बसली, कान गार. त्याला वाटलं, थंडीच बाधली. तीच बाजरी पातळ करून त्यानं बाटलीनं पाजली. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरला बोलाव, हे माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, पण त्याच्यापुढं शहाणपणा कोण करणार?

डॉक्टर आले तोवर चंद्री गेली होती. "धान्यानं ताकद येते, पण एकदम एवढं घातलं की पोटात आंबतं," ते म्हणाले. "ऊब हवी होती तर कडबा वाढवायचा. तो पोटात मुरतानाच अंग गरम ठेवतो."

पुढच्या फोनला श्रीमंतनं आपल्याच गाईच्या कानाला मोबाईल लावला. ती गप्प. "खान्यात गुतलीय," तो म्हणाला. दोन महिने हेच चाललं. बघताना मला लाज वाटायची, तरी मीही बोललो नाही.

होळीनंतर छबूबाई ट्रॅक्टरमधून उतरली ती उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वाढ्याची मोळी घेऊन थेट श्रीमंतच्या गोठ्यात. मीही तिथंच होतो. श्रीमंत खाली बघत म्हणाला, "छबूताई, तुमची गाय म्याच मारली. बाजरी घालून. फोनवर खोटं बोललो."

तिनं मोळी सोडून त्याच्या गाईपुढं टाकली.

"म्हाईत हाय. माझी चंद्री हाकंला गप ऱ्हाईल व्हय? दर फोनला वाटायचं, आज तरी सांगतील."

त्याची गाय वाढं खात होती. आम्हा दोघांनाही मान वर करवेना.