माज्या हातची चटनी

माज्या दारात त्यांनी चटनी वतली. शेंगाची. माज्याच हातची.

पयल्यांदा मालकीनकाकू आल्या. चाळ त्यांचीच. मालक कचेरीत कारकून, आन् चाळीचा सगळा कारभार काकूंच्या हातात. त्यांनी चटनीच्या वाटीला बोटबी लावलं नव्हतं. लांब दांडीच्या पळीत चटनी धरून आल्या, माज्या उंबऱ्याम्होरं थांबल्या आन् पळी उपडी केली. त्यांच्यामागं शेजारीन आली. तिच्यामागं पलीकडची. येकीनं तर वाटीसकट टाकली. सकाळची येळ. गिरनीचा भोंगा नुकताच वाजून गेला व्हता. बघता बघता दारात लाल ढीग झाला आन् त्याला मुंग्या लागल्या.

मी आत चुलीपाशी उभी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेंगा मी भाजल्या, मी सोलल्या, मी कुटल्या. ह्याच बाया वाटी घिऊन यायच्या, "तुज्या हाताला लई चव हाय गं" म्हनायच्या. आता त्याच हाताचा इटाळ.

शेवटी अक्का आली. तेलगू बाई, तिच्या घरात हातमाग. चाळीत माजी म्हनून तेवढी येकच. येकमेकीच्या डोक्याला तेल लावायचो आमी. तिनं वतली न्हाय, वाटी हळूच उपडी ठिवली. खाली बघूनच म्हनाली, "मी काय करू? मला पन राहायचं हाय की हितं."

काकूंचा राग माजा कवाच गेला. अक्काचा अजून गेला न्हाय.

आमी आलो मंद्रूपच्या बाजूनं. गावात आमी महार. गावची मेलेली ढोरं दोरीनं वढायची, सांगावे पोचवायचे, रातीला येशीवर जागायचं आन् दिवसा दारोदार भाकर मागायची. येक दिवस धनी म्हनाले, "ही दोरी आता मी धरनार न्हाय." मेलेलं ढोर तितंच टाकलं, आन् आमी चालत सोलापूर गाठलं. धन्यास्नी गिरनीत सूतखात्यात काम मिळालं. मी म्हनलं, आपल्या लोकांत ऱ्हाऊ, मावशी हाय माजी महारवाड्यात. धनी लई चिडले. "गाव सोडलं ते काय पुना वाड्यातच जायाला? शेर हाय हे. हितं कोन कुनाला वळखतंय?"

चाळीत खोली बघाया गेलो तवा काकूंनी इचारलं, "कुठले तुम्ही?"

धनी म्हनाले, "मंद्रूपकडचे. रानात राबनारी मानसं."

खोटं काय त्यात? राबत व्हतोच की. त्यांनी फुडं इचारलं न्हाय, आमी सांगितलं न्हाय. किल्ली हातात आली. ती मी पदराला गाठ मारून ठिवली.

नवं शेर म्हनजे काय, ते मला कुनी सांगितलं नव्हतं. नळाचं पानी, दिव्यांचे खांब, मानसांचा हा लोंढा. बघायाला ग्वाड वाटायचं. पर गाव काय मागं ऱ्हायलं नव्हतं. ते माज्या अंगात बसून आलं व्हतं. समोरनं धुतल्या धोतराचा मानूस आला की माजे पाय आपोआप थांबायचे. मी भिताडाला चिकटायची, पदर आवळून धरायची, का तर आपली सावली पडू नये. धनी दंडाला धरून वढायचे. "अगं चल की! कोन बघतंय?" कोन बघतंय ते मला ठाव नव्हतं. पर कुनीतरी बघतंय, असं सारखं वाटायचं. दुकानात गेले तर पैसा हातावर न ठिवता फळीवर ठिवायची. नळावर माजी पाळी आली तरी मी मागं सरायची. बाया हसायच्या, म्हनायच्या, गरीब हाय बिचारी. मीबी हसायची. जीव मुठीत धरून हसायची.

हळूहळू सवय झाली. म्हंजे मला वाटलं, झाली. अक्काकडं बसाया-उठाया लागले. चाळीच्या उखळात चटनी कुटली, घरोघर दिली. लोकांनी बोटं चाटून खाल्ली. मला वाटलं, सुटलो गं बाई.

मग चैत्र आला. काकूंनी गौर मांडली आन् चाळीतल्या समद्या सवाष्नींना हळदीकुंकवाला बोलावलं. जन्मात पयल्यांदा मला कुनी असं बोलावलं व्हतं. मी धुवट लुगडं नेसले. अक्कानं केसात मोगरा माळला. ओसरीवर चटया घातलेल्या, समद्या बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या, मी त्यांच्या मधी. कपाळाला कुकू लागलं. ओटीत भिजलेले हरबरे पडले. कसं वाटलं म्हनून सांगू? रडू येत व्हतं आन् ते दाबत व्हते.

सोलापूरचं ऊन. घशाला कोरड पडलेली. काकू पन्ह्याचा तांब्या आन् पेले घिऊन आल्या. प्रत्येकीला पेला देत देत माज्याम्होरं आल्या, पेला फुडं केला.

आन् मी उठले.

मला कुनी ऊठ म्हनलं नव्हतं. मी चटईवरनं उठले, उंबरा वलांडून भायेर गेले, खालच्या पायरीवर उकिडवी बसले, मान खाली घातली आन् दोनी हातांची ओंजळ तोंडाला लावून धरली. वरनं धार पडंल म्हनून. गावात तान्हेनं जीव चालला तरी आमी असंच बसायचो, आन् कुनाला दया आली तर तो लांबनं वतायचा. पोर असल्यापासनं हातांना तेवढंच ठाव.

धार काय पडली न्हाय.

मी वर बघितलं. समद्या बाया माज्याकडं बघत व्हत्या. अशी कोन बसती, ते त्यातल्या येकूनयेकीला ठाव व्हतं. त्यासुदिक गावाकडनंच आल्या व्हत्या की. काकूंनी पेला मागं घेतला.

"तू कोण गं?" काकू म्हनाल्या.

ओंजळ सोडायचंबी भान नव्हतं मला. तशीच बसून ऱ्हायले.

किती वरसं झाली त्याला. आज नातवंडं पानी आनून देत्यात, आन् पेला दिसला की हात आपोआप ओंजळ करून वर जात्यात. दर येळी मी ते हात खाली घेती. आपल्याच हातांचं मला भ्या वाटतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ही चटनी.

ढीग झाल्यावर काकू म्हनाल्या, "आता हे सगळं भर. मग ओसरी सारव, पायरीपासून नळापर्यंत. शेण आणून ठेवलंय. खोली आजच सोडायची, पण त्याशिवाय सामान उचलायचं नाही."

धनी कामाला न जाता खाली मान घालून उभे. ज्यानं गावची दोरी टाकली, तो मानूस. त्यांनी कोपऱ्यातली केरसुनी उचलली. माज्याकडं न बघताच म्हनाले, "कर गं. आन् चल. तमाशा नगं."

मी त्या केरसुनीकडं बघितलं. गावात दारं झाडली, अंगनं झाडली, त्याचं कवा काय वाटलं न्हाय. पर ही चटनी मी मायेनं दिल्याली. ती मीच भरायची? रडू आलं न्हाय. राग आला, आन् आयुष्यात पयल्यांदा तो तोंडावाटं भायेर आला.

धन्यांच्या हातातनं केरसुनी काढून घेतली. भिताडाला टेकवली. भायेर आले, ढिगाच्या अलीकडं उभी ऱ्हायले.

"म्या न्हाय भरनार," मी म्हनलं. "ज्यांनी वतली त्यांनी भरावी."

"काय म्हणालीस?"

"मी महारीन हाय. काल इचारलं की तुमी, आज सांगती. इतके दिस समद्यांनी माज्या हातचं खाल्लं. मेलं का कोन? कुनाच्या पोटात दुखलं का?"

कुनी म्हनलं, माजलीय. कुनी म्हनलं, गडीमानसांना बोलवा. मी आत गेले, बोचकं बांधलं, तवा काखेला मारला. चटनीच्या ढिगाला वळसा न घालता, त्याच्यावरनं पाय टाकून भायेर पडले. धनी मागनं आले.

मावशीकडं ऱ्हायलो. दोन दिवस गेले. मग धनी म्हनाले, "दुसरीकडं खोली बघू. जरा लांब. ह्या बारीला तू नीट ऱ्हा म्हंजे झालं."

नीट म्हंजे कसं, ते मला कळलं. पुना जीव मुठीत. पुना माज्याच हातांवर माजाच पहारा. मी म्हनलं, "खोली बघू. पर बोलनार मी."

त्या सांजच्याला येका चाळीच्या मालकाम्होरं उभी ऱ्हायले. किल्ली त्याच्या हातात व्हती.

"किती माणसं?" त्यानं इचारलं.

"दोगं. आमी महार हाव. खोली दावा."

त्यानं किल्ली खिशात टाकली आन् दार लावलं. धनी म्हनाले, "असं सांगत फिरलीस तर ह्या शेरात आपल्याला कोन खोली देनार न्हाय."

"न्हाय दिली तर न्हाय. पर शेर मी सोडनार न्हाय, आन् चोरावानी ऱ्हानार न्हाय."

फुडच्या दाराची कडी मी वाजवली. बाईनं दार उघडलं. ती काय इचारायच्या आत मी माजी जात सांगितली.