तीन हाकांचे आप्पा

आमचे वडगावचे शेजारी दर्याआप्पा हे उभ्या बेळगाव तालुक्यातले समुद्राला घाबरणारे एकमेव गृहस्थ होते. बाकीच्यांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे घाबरायचा प्रश्नच येत नव्हता. वेंगुर्ल्याचं बंदर बैलगाडीने चार मुक्काम लांब. तिथलं मीठ आणि सुकी मासळी तेवढी घाट चढून आमच्या बाजारात यायची. आप्पांचा समुद्र मात्र घरातच होता, आणि तोही मागाच्या खड्ड्यात. हातमाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मागाखाली जमिनीत खड्डा असतो, विणकर त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो आणि खाली पावड्या दाबत वर धोटा फेकतो. वडगावात घरोघरी असे खड्डे होते आणि घरोघरी माणसं बिनघोर पाय सोडून बसत. आप्पा मात्र रोज सकाळी आधी खड्ड्यात तंबाखूची चिमूट टाकत, हात जोडत, मग उजवा पाय सोडत, आणि बराच विचार करून डावा. एकदा मी विचारलं, "आप्पा, हे कुणासाठी?" तर खड्ड्याकडे नजर ठेवून हळूच म्हणाले, "खालच्यासाठनं. पाय धरून वडतंय ते."

हा 'खालचा' म्हणजे खोल समुद्राच्या तळाशी राहणारं भूत. आप्पा तरुणपणी बापाशी भांडून मिठाच्या गाड्यांबरोबर वेंगुर्ल्याला गेले आणि तिथून आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायच्या कामाला लागले. सात वर्षांनी बोट बुडाली, हे वाचले, आणि घरी येऊन मुकाट्याने मागावर बसले. त्या सात वर्षांची मिळकत म्हणजे एक जाड निळा डगला आणि खालच्याची बारीकसारीक माहिती. त्याला तोंड नाही. बुडालेल्या खलाशांचे डगले तो एकावर एक घालतो. त्याच्यापाशी एक लाकडी पेटी असते आणि त्या पेटीत बुडालेल्या माणसांचे आवाज ठेवलेले असतात. हवा तो आवाज काढायचा आणि वरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची. माणसाने ओ दिली की संपलं. "गोऱ्या खलाशांस्नी ठावं हाय, अरबांस्नी ठावं हाय, आपल्या कोकण्यांस्नी बी ठावं हाय," आप्पा सांगत. "नावं येगयेगळी, मालक येकच." मात्र त्याला तंबाखूची भारी आवड, आणि त्यातही निपाणीची. कुणा गोऱ्याने एकदा चिरूट टाकला तर खालच्याने तो परत वर फेकला म्हणे. ओला झाला असेल म्हणून फेकला असेल, असं मी म्हणालो, तेव्हा आप्पांनी माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं.

या खालच्यावर उपाय एकच. त्याला एकाच हाकेचा दम असतो. जिवंत माणूस दोनदा, तीनदा हाक मारू शकतो, खालचा नाही. म्हणून आप्पा पहिल्या हाकेला ओ देत नसत, दुसरीला कान टवकारत आणि तिसरीला उत्तर देत. समुद्रावर हे ठीक होतं. पण वडगावच्या गल्लीत, भर दुपारी, समोर उभ्या असलेल्या माणसालाही हाच नियम लागू होता. मी शहापूरच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्या दिवशी झाडू मागायला गेलो. आप्पा कट्ट्यावर बसले होते. "आप्पा, झाडू मिळेल का जरा?" त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं, बोलले नाहीत. ऐकू येत नसेल म्हणून मी आवाज चढवला. तरीही तेच. मग मी वाकून, झाडायचे हातवारे करून, गल्लीतली कुत्री उठतील असा ओरडलो. तेव्हा ते प्रसन्न हसले. "ओ! वरडतासा कशाला मास्तर? ऐकू येतंय की मला!" ज्याची उभी हयात हजेरी घेण्यात जायची, त्याला देवाने शेजार दिला तो असा.

आक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, या नियमाशी संसार बेतून घेतला होता. भाकरी तव्यावर टाकली की पहिली हाक: "अवं!" उलटली की दुसरी. फुगली की तिसरी, आणि आप्पा पाटावर येऊन बसेपर्यंत भाकरी बरोबर ताटात पडायची. "माजा निम्मा जलम हाका मारण्यात गेला बगा मास्तर," असं त्या म्हणत, पण म्हणताना हसत. हळूहळू सगळ्या गल्लीलाच सवय लागली. आक्कांची पहिली हाक कुणी हाक म्हणून धरतच नसे. दुसरी ऐकू आली की शेजारणी आपापल्या चुलीकडे वळत.

बाहेरच्या जगाला मात्र ही सवय नव्हती. खडेबाजारातला सुताचा व्यापारी दुकानातून हाक मारायचा, आप्पा सरळ पुढे निघून जायचे, आणि तो बिचारा धोतर सावरत मागे धावायचा. बहिणीच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, भटजींनी घड्याळ पाहून आवाज दिला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" मामा म्हणजे आप्पा, नवरीचा हात धरून दारातच उभे. हलेनात. नवरी ओढते आहे, बहीण डोळे वटारते आहे, वाजंत्री वाजवावं की थांबावं या पेचात. भटजींनी घाम पुसत तिसऱ्यांदा पुकारा केला तेव्हा मामा डौलात निघाले. मुहूर्त साधला, पण भटजी पुढे वर्षभर आप्पांना पाहिलं की रस्ता बदलत. सरकारी कचेऱ्यांपैकी आप्पांना मान्य होतं ते फक्त बेळगावचं कोर्ट. एका बांधाच्या तंट्यात ते साक्षीला गेले होते. तिथे पट्टेवाल्याने दारात येऊन त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. आप्पा इतके खूश झाले की साक्ष काय दिली ते त्यांना आठवेना. घरी येऊन म्हणाले, "मास्तर, इंग्रज काय येडा न्हाय. तेला खालच्याची समदी माहिती हाय."

मी त्यांची फार चेष्टा केली, हे आज कबूल करतो. मी भूगोल शिकवत असे आणि भूगोलात खालच्याला जागा नव्हती. एका रविवारी आप्पा शाळेत आले. राजाच्या तसबिरीखाली जगाचा मोठा नकाशा होता. त्यांनी एडनजवळच्या निळ्या रंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "हितं," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "हात काढा आप्पा, खालचा ओढेल." एरवी ते माझ्या असल्या बोलण्यावर हसत. त्या दिवशी हसले नाहीत. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

मग त्या श्रावणातली गोष्ट. सुट्टी होती, दुपारची वेळ, मी खोलीत वह्या तपासत होतो. भिंतीपलीकडे आप्पांच्या मागाचा खटका चालू होता. इतक्यात परसातून आक्कांची हाक आली, "अवंऽ!" मी मान वर केली नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत होतो. गल्लीत सात-आठ घरांतून माणसं होती, सगळ्यांनी ती हाक ऐकली आणि सगळेच दुसऱ्या हाकेची वाट पाहत होते. दुसरी हाक आली नाही. पण मागाचा खटका मात्र बंद पडला होता, आणि कुणीतरी परसाकडे धावल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन पाहतो तो विहिरीच्या काठाचा दगड निसटलेला, घागर आडवी पडलेली, आणि आत, जेमतेम पाण्यावर, आप्पा एका हाताने आक्कांना आणि दुसऱ्याने कपारीला धरून. घोटाभर पाण्याला पाय न लावणारा तो माणूस खोल विहिरीत उडी टाकून उतरला होता. आम्ही दोर सोडले, दोघांना वर घेतलं. आक्कांच्या नाकातोंडातून पाणी बाहेर पडलं, खोकला थांबला, आणि त्यांचं पहिलं वाक्य आलं, "एकाच हाकेत आलासा की ओ!"

गल्लीने तो दिवस सणासारखा साजरा केला. भेटेल त्याला आक्का तेच सांगत, एकाच हाकेत आले, एकाच हाकेत. आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून आप्पा पहिल्या हाकेला ओ देऊ लागले. व्यापाऱ्याला ओ, पोरांना ओ, मला ओ. खड्ड्यात तंबाखू टाकणं बंद झालं. दोन्ही पाय एकदम सोडून बसू लागले. सगळे म्हणाले, आप्पांचं वेड गेलं. पण ते बोलायचे थांबले. आक्का भाकरी तव्यावर टाकत "अवं" म्हणायच्या की आप्पा येऊन रिकाम्या ताटासमोर बसायचे, आणि भाकरी होईपर्यंत ताटाकडे पाहत राहायचे. आठव्या दिवशी आक्का माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, हे काय खरं न्हाय. तेंच्याशी जरा बोला की."

मी जाऊन कट्ट्यावर बसलो. मी काही विचारण्याआधी आप्पाच म्हणाले, "हिनं त्या दिवशी किती हाका मारल्या मास्तर?"

"एक."

"येकच. तोंडात पाणी गेल्यावर माणूस दुसरी हाक कुटली मारतंय?" मग सांगू लागले. "सकाळ झालेली, पर धुकं असं की हात दिसना. बोट खाली गेल्ती. होडीत आमी सात जण. माजा मालवणचा सोबती तेवढा न्हवता. पाच वर्सं येका भट्टीवर कोळसा मारलेला आमी, येका ताटात जेवलेलो. आणि पाण्यातनं हाक आली. माजं नाव घेऊन. तेचाच आवाज. मी उटालतो, तर आमा खलाशांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, म्हणाला, बस खाली. दुसरी हाक येऊ दे. आली तर माणूस हाय, न्हाय आली तर खालचा."

"आणि?"

"न्हाय आली. वल्ही मारा म्हणाला. मी बी मारलं."

दोन वर्षं मी ज्या नियमाला हसत होतो, त्याच्यावर या माणसाने उभं आयुष्य तोलून धरलं होतं. लग्नाच्या मांडवात, खडेबाजारात, आक्कांच्या चुलीपुढे तो नियम पाळायचा, कारण नियम खरा असेल तर धुक्यातली ती हाक खालच्याची होती. आणि विहिरीच्या काठावर, आक्कांना वाचवताना, तो नियम त्यांच्याच हातून खोटा ठरला होता. मला नकाशापुढचं माझं बोलणं आठवलं आणि माझीच लाज वाटली.

मी म्हणालो, "आप्पा, आक्कांची हाक आली तेव्हा तुम्ही विचार केला का, की ही आक्का की खालचा?"

"न्हाय. पायच उटले."

"तेच सांगतो आहे. तुमचे पाय खड्ड्यात होते, तरी उठले. खऱ्या माणसाची हाक असली की पाय तांडेलाला विचारत नाहीत. त्या दिवशी होडीत तुम्ही बसून राहिलात, कारण ती हाक माणसाची नव्हतीच. तो खालचाच होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालच्याला मानत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "बुकात हाय असं?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत जाणूनबुजून खोटं शिकवलं ते एवढंच. आप्पा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपलीकडे हाक मारली, "आप्पा!" मागाचा खटका थांबला, पण ओ आली नाही. त्या गप्प राहण्याने मला इतका आनंद झाला की दुसरी हाक मी गल्लीभर ऐकू जाईल अशी मारली. तिसरी मारली. "ओऽ! या की मास्तर!" चुलीपुढून आक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "लागलं का पुन्यांदा येड!" आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. मी आत गेलो तेव्हा आप्पा खड्ड्याच्या काठावर बसले होते. त्यांनी तंबाखूची चिमूट आत टाकली, हात जोडले. मग डबी मिटता मिटता थांबले, आणखी एक चिमूट घेतली, नीट चोळली, जशी सोबत्यासाठी चोळून देतात तशी, आणि वाकून अलगद खाली सोडली. पुढे मी वडगावात होतो तोवर रोज दोन चिमटी पडत राहिल्या. पहिली खालच्याची होती. दुसरी कुणाची ते मला कळत होतं, आणि मला कळतं हे आप्पांनाही ठाऊक होतं.