वायरकाकांनी झाकलेले दिवे

आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागलेला हा माणूस हळूहळू पंखे, घंटा, प्रोजेक्टर असं सगळंच दुरुस्त करायला लागला आणि पोरांनी त्याचं नाव वायरकाका ठेवून दिलं. खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल. शाळेतल्या प्रत्येक बटणाखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी असे, आणि बिघडलेल्या बटणाखाली ‘हे चालत नाही’ असंही इमानदारीने लिहिलेलं असे. मी चिडवायचे, काका, इतकं खरं बोललात तर एक दिवस उपाशी मराल. ते नुसते हसायचे.

गेल्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात, फळ्याच्या वर, वायफायचा डबा बसला. हिरवे दिवे सारखे लुकलुकायचे. महिनाभरात शिवणकाम करणारी एक आई तक्रार घेऊन आली. डबा आल्यापासून मुलीचं डोकं दुखतं, त्याच्या लहरी लहान मुलांना बाधतात असं तिने ऐकलं होतं. तिच्या मागोमाग आणखी दहा-बारा पालक आले. कुणाच्या मुलाला झोप नव्हती, कुणाला भूक नव्हती, आणि खापर सगळं डब्यावर. मुख्याध्यापिकांनी परोपरीने समजावलं, माहितीचे कागद दाखवले, कुणी ऐकेना.

डबा बंद करावा तर अख्ख्या मजल्याचं काम अडणार. तेव्हा अक्कल मी पाजळली. म्हटलं, काका, दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा आणि बंद केला म्हणून सांगून मोकळे व्हा.

काकांनी स्टूल फळ्याखाली ओढलं, पण वर चढले नाहीत. “बाई, हे खोटं होईल,” ते म्हणाले.

“त्याने कुणाचं काय वाटोळं होणार आहे?” मी म्हटलं.

त्यांनी पट्टी लावली. पालकांना वर्गात आणून डबा दाखवला, ते समाधानाने घरी गेले. आठवड्याभरात तीन आया सांगत आल्या की मुलं आता शांत झोपतात. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. शिवणकामवाल्या बाईची नक्कल मी हुबेहूब करायचे, हे लिहितानाही मला लाज वाटते. काका हसले नाहीत. चहाचे कप उचलून ते बाहेर गेले.

तिची मुलगी मात्र अधूनमधून कपाळ धरून माझ्या टेबलाशी यायची. मी म्हणायचे, डबा बंद आहे ना आता? मग कसं दुखेल? जा, बस जागेवर. असं चार-पाच वेळा झालं आणि तिने यायचं सोडलं. एक डोळा मिटून ती फळ्यावरचं उतरवून घ्यायची, तो मला नखरा वाटला. वीस वर्षं शिकवतेय मी.

सहा महिन्यांनी ती जिन्याची पायरी चुकून पडली, तेव्हा कुठे तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नव्हतं, डोकं त्या ताणानेच दुखत होतं. आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं, आता नजर किती परत येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

हे सांगायला तिची आई शाळेत आली. भांडायला नाही, काकांची माफी मागायला. “उगाच तुमच्या डब्याला नावं ठेवली, दादा,” ती म्हणाली. “तो बंद झाला म्हणून मी निर्धास्त झाले. पोरीला पुन्हा विचारलंच नाही.”

काकांचा चेहरा पार उतरला. “ताई, डबा एक दिवसही बंद नव्हता. मी नुसते दिवे झाकले होते.”

ती माझ्याकडे वळली. “पण बाई तर पोरीला सांगायच्या, बंद आहे म्हणून.”

मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी काकाच बोलले. “बाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनाही मी तसंच सांगितलं होतं.” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिने माझ्यापुढे हात जोडले. “चुकलं माझं, बाई. तुमच्यावरही संशय घेतला.”

आणि मी म्हटलं, “असू दे.”