लिंबाजींनी बांधलेली गुटी

तीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधलेल्या माणसाच्या घरात, त्याच्याच हातून झाड सडावं, याहून मोठी फजिती कोणती? कळंबच्या लिंबाजींवर ती वेळ आली.

झाड सुनेचं, अर्पिताचं. अंजिराच्या जातीतलं, पण फळ ना सावली, नुसती सुपाएवढी पानं. लग्नाआधीपासून तिनं ते खोलीत वाढवलेलं. बाळंतपणासाठी भूमला माहेरी निघताना ती म्हणाली, "मामा, दहा दिवसांतून एकदाच पाणी." बाकी सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही. कारण लिंबाजींनी तिला न विचारता चार पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं, की सून आता बँकेतली नोकरी सोडणार. मुलगा उत्कर्ष बापापुढं गप्पच बसला.

लिंबाजींना त्या सूचनेचाही राग आला. कालची पोरगी आपल्याला झाड शिकवणार! त्यात घर बसस्थानकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ. जिथं नळ आठव्या दिवशी येतो, तिथं उरलेलं पाणी मोरीत कोण ओततो? पाहुणा दोन घोट प्यायचा आणि तांब्यातलं उरलेलं शेजारी ठेवलेल्या याच झाडाच्या कुंडीत रिकामं करायचा. लिंबाजींची बायको मथुराबाई तर नळाच्या दिवशी शिळं पाणीही तिथंच ओतायच्या. पानांवर काळे डाग पडले, तेव्हा लिंबाजींनी निदान केलं, झाड तहानलंय. मग तेही रोज तांब्याभर घालू लागले.

सात पानं गळाल्यावर त्यांनी माती उकरली. कुजका वास आला, मुळांचा बोटांत लगदा झाला. हे झाड गेलं तर ही पोरगी लेकराला घेऊन या घरात परत यायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि ते काही केल्या जाईना.

एकच उपाय उरला होता. खोडाच्या वरच्या, निरोगी भागावरची साल त्यांनी गोल काढली, ओलं शेवाळ लावलं, वरून प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं आवळलं. डाळिंबाच्या अशा हजारो गुट्या त्यांनी बांधल्या होत्या. तिथं मुळं फुटली की शेंडा कापून नवं झाड लावायचं. पण मुळं फुटायला महिना हवा, आणि खालून सड चढत होती. रोज सकाळी ते अंगठ्यानं खोड दाबत आणि मऊ लागेल तिथं खडूनं रेघ ओढत. रेघ रोज वर सरकायची. शेवाळात मात्र काही दिसायचं नाही.

मधेच भूमला नात झाली. पेढे वाटून झाले. पण व्हिडिओ कॉलवर अर्पितानं झाड दाखवा म्हटलं, की लिंबाजी बायकोला खूण करत आणि रेंज गेली म्हणून फोन बंद होई. खोटं बोलायला मला कशाला पुढं करता, म्हणून मथुराबाई एकदा चांगल्याच चिडल्या.

सव्विसाव्या दिवशी रेघ गुटीच्या दोन बोटं खाली आली. प्लास्टिकमधून केसासारखी दोनच पांढरी मुळं दिसत होती. आणखी आठवडा मिळायला हवा होता, पण आज कापलं नाही तर सगळंच जाणार होतं. लिंबाजींनी छाटणीची कात्री उचलली आणि हात थांबला. उभ्या जन्मात त्यांनी घरात कुणाला विचारून काही केलं नव्हतं. आज मात्र विचारल्याशिवाय त्यांना कापवेना.

त्यांनी स्वतः सुनेला फोन लावला. काळं पडलेलं खोड, उरलेली चार पानं, सगळं दाखवलं.

"चूक माझी हाय, पोरी. तू सांगितलेलं म्या ऐकलं न्हाय. तुझ्या नोकरीचं बी मी तसंच केलं. आता हे कापू का नको, ते तू सांग."

पलीकडं अर्पितानं रडणारं बाळ खांद्यावर घेतलं.

मुळं पुरेशी आहेत का, असं तिनं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, नाहीत.

"कापा, मामा," अर्पिता म्हणाली. "गेलं तर दोघांचं गेलं."

लिंबाजींनी गुटीखाली कात्री लावली आणि दाबली. शेंडा हातात आला. त्यांनी काप उजेडाकडं धरला. पांढरा चीक झिरपत होता, लाकडावर कुठं काळा ठिपका नव्हता; सड इथवर चढलीच नव्हती. मग त्यांनी तो काप फोनपुढं धरला.