पूर्वरंगात उठलेली वैजू

या, अशा जवळ येऊन बसा. दार जरा लोटून घ्या, कारण गोष्ट बाईच्या अंगाची आहे. अंग देवानंच दिलंय, म्हणून मी ती न लाजता सांगणार, आणि तुम्हीही माना खाली न घालता ऐका.

दुपार कलते आहे. आपली वैजयंती आरामखुर्चीत उताणी पडली आहे. कुशीवर वळायची मनाई आहे. तिची छाती जन्मतःच एका बाजूला भरलेली, दुसऱ्या बाजूला सपाट. ती सारखी करायला केलेलं पहिलं ऑपरेशन बिघडलं. सपाट बाजूत बसवलेली सिलिकॉनची पिशवी दगडासारखी घट्ट होऊन वर सरकली. आता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती काढून नवी बसवली, त्याला महिना होत आला.

आणि वैजूला स्वतःची किळस आली आहे. सकाळी छातीचा पट्टा सोडून तिनं आरशात पाहिलं. एक बाजू गळ्याशी चढलेली, ताणून चकचकीत झालेली. दुसरी खाली, भलत्याच कोपऱ्यात. खाली नासक्या केळ्याच्या सालीसारखे डाग, आणि टाक्यांवरच्या पट्टीला ओशट, आंबूस वास. तिनं पट्टा तसाच परत आवळला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की सूज उतरून आकार खाली बसायला बरेच महिने जातील, तोवर मापं काढायची नाहीत. दोन्ही बाजू हुबेहूब तर कधीच होणार नाहीत. आणि इतक्यात पुन्हा उघडलं तर कोवळी कातडी भरून येईलच असं नाही. हे सगळं ठाऊक असून वैजूनं मघाशी दवाखान्यात फोन केला, की हे काढून टाकायची तारीख द्या, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. बाई कामात आहेत, मोकळ्या झाल्या की त्याच फोन करतील, असं उत्तर मिळालं. त्या फोनची वाट बघता बघता तिचे डोळे जड होतात.

खुर्चीशेजारी कुणीतरी चिपळ्या जुळवून बघतं आहे.

सुभद्राआत्या आहे ती. गावोगाव कीर्तनं करणारी, वैजूच्या वडिलांची बहीण. कर्करोगामुळे तिच्या छातीची उजवी बाजू काढावी लागली होती, आणि पुढे काही वर्षांनी ती गेलीच.

"मी झोपलेय, आत्या," वैजू सांगते.

"मग सरक थोडी."

खुर्ची दत्ताच्या देवळात आहे. सभामंडप भरलेला, पण श्रोत्यांच्या अंगावर दवाखान्याचे निळे झगे. तंबोऱ्याच्या भोपळ्यातून नळी निघाली आहे. तिच्यातून पिवळसर लाल पाणी थेंबथेंब बाटलीत पडतं आणि त्याच लयीवर पेटीवाला मान हलवतो. वैजू नाक दाबते. आत्याचं निरूपण चाललं आहे, संपायचं नाव नाही. लहानपणीही वैजूला पूर्वरंगातल्या निरूपणाचा कंटाळा. तिला नुसती कथा हवी असायची, आणि ती उत्तररंगात. ती उठते आणि चपला शोधायला लागते.

चपला दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या टेबलाखाली आहेत. टेबलावर आत्या पाय हलवत बसली आहे.

"दाखव," आत्या म्हणते.

"नको. घाण आहे."

आत्या स्वतःच्या पोलक्यात हात घालते आणि रिकाम्या बाजूला भरलेली एक शिवलेली पिशवी बाहेर काढते. सावरीच्या कापसाची, घामानं पिवळी पडलेली, कडेला उसवलेली. खारट कुबट वास सुटतो. वैजू तोंड फिरवते. मग आत्या तिला सांगते की एकदा रुक्मिणीच्या लग्नाची कथा रंगली असताना ही पिशवी सुटून पोटावर आली. आत्यानं श्रोत्यांकडे पाठ केली, गजर वाढवला आणि त्या गदारोळात तिला वर ढकललं. पेटीवाल्यानं डोळे मिटले ते थेट आरतीला उघडले. लोक म्हणाले, आज बाईंना भाव चढला होता.

वैजूला हसू येतं, आणि टाके दुखतात.

"तुला किळस यायची?" ती विचारते.

"रोज. न्हाणीघरातला दिवा मालवून आंघोळ करायचे. शेवटपर्यंत थोडी राहिलीच." आत्या पिशवी चाचपते. "पण तिच्यापायी ठरलेलं कीर्तन कधी मोडलं नाही. तू पूर्वरंगात उठतेस आणि म्हणतेस कथा वाईट होती. अजून मध्यंतराचा बुक्का लागला नाही, गळ्यात हार पडला नाही. कथा लागायचीय, बयो."

"आणि कथा वाईटच निघाली तर?"

आत्या टेबलाखालच्या चपला पायानं आणखी आत ढकलते.

"निघेलही. मग ऊठ. तेव्हा चपला मी आणून देईन."

ती पिशवी वैजूच्या मांडीवर टाकते आणि फोन वाजतो.

डॉक्टरीणबाई आहेत. कधीची तारीख हवी, विचारतात. वैजू गळ्याशी चढलेल्या त्या गोळ्याकडे बघते. किळस होती तिथेच आहे.

"तारीख नको, बाई. बसू दे त्याला बसायचं तेव्हा. पट्टीला वास येतोय, तेवढं बघाल का?"

बाई रागावतात, हे आधी सांगायचं सोडून तारखा काय मागता म्हणून, आणि लगेच या म्हणतात.

वैजू पट्टा नीट करून उठायला जाते, तर मांडीवर सावरीचा एक झुबका आहे. ओलसर, पिवळट, आत अडकलेलं एक काळं बी. तिच्या घरातल्या उशा सगळ्या फोमच्या आहेत.

माझं मागणं एवढंच. आता कधी कीर्तनाला बसाल आणि पूर्वरंग संपून बुवांना बुक्का लागेल, तेव्हा घटकाभर सुभद्राबाईंची आठवण काढा.